चौथ्या शाईचा इतिहास : रंगीत छपाईतील काळ्याचा निर्णय आणि इगतपुरी-नाशिक परिसर

प्रस्तावना

इगतपुरीच्या घाटमाथ्यावर जुलै महिन्यात घेतलेल्या छायाचित्रात रंग थोडे आणि करडेपणा फार असतो. ओला काळा कातळ, दरीतून वर येणारे धुके, भिजलेले रूळ आणि ढगांनी व्यापलेले आकाश एवढाच त्याचा ऐवज. संगणकाच्या पडद्यावर हे धुके करडेच दिसते. परंतु तेच छायाचित्र महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापून आले की काही प्रतींत धुके गुलाबी आणि काही प्रतींत हिरवट झालेले आढळते. कातळाच्या जागी तपकिरी डाग दिसतो. आणि समोरच्या पानाला ओली शाई लागलेली असते. प्रस्तुत लेखकाला असा अनुभव एकापेक्षा अधिक वेळा आला आहे. सर्वसाधारणपणे याचे खापर मुद्रकावर फोडले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष एका निर्णयात असतो, आणि तो निर्णय कोणी व केव्हा घेतला हे मुद्रकालाही ठाऊक नसते. हा करडेपणा तीन रंगीत शायांच्या मिश्रणाने छापायचा की काळ्या शाईने, हा तो निर्णय होय.

आज हा निर्णय 'कलर प्रोफाइल' नावाच्या संगणकीय धारिकेत काही आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. तथापि हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. या निर्णयाचा अधिकार कारागिराच्या डोळ्याकडून गणिताकडे आणि गणिताकडून एका न दिसणाऱ्या तक्त्याकडे कसा गेला, याचा मागोवा महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबई-इगतपुरी-नाशिक या पट्ट्यातील मुद्रणाच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मुद्रणतंत्राची पूर्वपीठिका नसलेल्या अन्य विद्याशाखांतील अध्यापकांसाठी आवश्यक तेवढे तांत्रिक विवेचन प्रथम केले आहे.

तीन शाया आणि चौथी : तांत्रिक पूर्वपीठिका

रंगीत छपाईत निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतात. तत्त्वतः पहिल्या तीन पुरेशा आहेत. प्रत्येक शाई पांढऱ्या प्रकाशातील सुमारे एक तृतीयांश भाग शोषून घेते. तिन्ही शाया एकमेकींवर छापल्या की सर्व प्रकाश शोषला जाऊन काळा रंग दिसावयास हवा. व्यवहारात तसे घडत नाही. निळसर शाई आपल्या वाट्याबाहेरचा प्रकाशही काही अंशी शोषते, किरमिजी शाईतही हा दोष असतो. त्यामुळे तिन्ही समप्रमाणात छापल्यास काळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग मिळतो. मध्यम करडा रंग हवा असेल तर निळसर ५० टक्के आणि किरमिजी व पिवळा सुमारे ४० टक्के असे विषम प्रमाण ठेवावे लागते. हा तोल नाजूक असतो. हजारो प्रती छापताना एका शाईचा पुरवठा थोडा जरी कमीअधिक झाला तरी करड्याचा गुलाबी किंवा हिरवट होतो.

म्हणून चौथी, काळी शाई आली. ती आल्याबरोबर नवा प्रश्न निर्माण झाला. समजा, चित्रातील एका ठिकाणी निळसर ६०, किरमिजी ७० आणि पिवळा ९० टक्के आहे. यातील ६० टक्क्यांचा समाईक भाग फक्त गडदपणा निर्माण करतो. रंगाची छटा उरलेल्या भागातून येते. हा समाईक भाग पूर्णपणे काढून काळ्याने भरला तर स्थूलमानाने किरमिजी १०, पिवळा ३० आणि काळा ६० एवढेच उरेल. एकूण शाई २२० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर येईल. निम्माच भाग काढला तर एकूण शाई १६० टक्के होईल. शाया सदोष असल्याने प्रत्यक्षातील आकडे मोजमाप करून काढावे लागतात. परंतु तत्त्व हेच. तिन्ही मांडण्या दुरून जवळजवळ एकसारख्या दिसतात. डोळ्याला दिसणारा रंग तीन संख्यांनी सांगता येतो आणि छापण्यासाठी मात्र चार संख्या लागतात. त्यामुळे गणिताला एकच एक उत्तर नसते. अनेक उत्तरांतून एक निवडावे लागते, आणि ही निवड हा काळ्याचा खरा इतिहास आहे.

युरोपात या प्रश्नाची सुरुवात अठराव्या शतकात झाली. न्यूटनच्या प्रकाशविषयक विचारांचा आधार घेऊन जाकोब क्रिस्तोफ ल ब्लाँ याने तीन तांब्याच्या पत्र्यांवरून रंगीत चित्रे छापण्याची रीत सिद्ध केली आणि १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे एकस्व मिळवले. गरजेनुसार तो काळ्याचा चौथा पत्राही वापरीत असे. १७४१ मध्ये तो वारल्यानंतर फ्रान्समध्ये गोतिए दागोती याने चार पत्र्यांची पद्धत आपलीच असल्याचा दावा हिरिरीने मांडला. अर्थात, काळा हा तिन्ही रंगांचा मदतनीस की स्वतंत्र घटक, हा वाद रंगीत छपाईइतकाच जुना आहे.

महाराष्ट्रातील काळी शाई आणि शिळाछाप

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात शाई म्हणजे काळी शाई. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. शाईत प्राण्यांची चरबी असते या कारणाने धार्मिक ग्रंथ छापण्यास सनातनी मंडळींचा विरोध होता. त्यावर त्यांनी चरबीऐवजी तूप वापरून शाई तयार करण्याचा तोडगा काढला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काळी शाई कशी असावी हे त्या काळी स्थानिक समाज, स्थानिक श्रद्धा आणि स्थानिक कारागीर ठरवीत होते.

रंगीत शिळाछापाने महाराष्ट्रात मूळ धरले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे त्याची मालकी नंतर आली. या तंत्रात प्रत्येक छटेसाठी वेगळा दगड असे आणि एका चित्राला कित्येक दगड लागत. कोणत्या दगडावर काय काढायचे हे कारागीर मूळ चित्राकडे पाहून ठरवी. शायांची संख्या ठरीव नव्हती. म्हणून गडदपणा कोणत्या शाईने द्यावा हा प्रश्न आकड्यांत मांडला जात नसे. त्याचे उत्तर हाताच्या सवयीत होते. देवीच्या साडीच्या चुणीतील सावली किती तपकिरी आणि किती काळी असावी, हे तो कारागीर जाणत होता. ते त्याने कोठे लिहून ठेवण्याची गरज नव्हती.

फाळके आणि तिरंगी ठसे

नाशिक जिल्ह्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध दादासाहेब फाळके यांच्यामुळे येतो. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुद्रक होते, ही बाब चित्रपटाच्या इतिहासात ओझरती येऊन जाते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडल्यावर त्यांनी छपाई व ठसेनिर्मितीचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने ओळखला गेला. १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले, ते रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रसामग्री यांसाठी. योगायोग असा की, याच १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मासिक मनोरंजनाचा पहिला दिवाळी अंक निघाला. सचित्र मराठी नियतकालिकाची मागणी आणि चित्र छापण्याचे नवे तंत्र एकाच वेळी आकार घेत होते.

या नव्या तंत्राने कारागिराचे काम मुळातून बदलले. रंगीत काचांच्या गाळण्यांमधून मूळ चित्राची तीन छायाचित्रे घ्यावयाची, काचेवरील बारीक जाळीने त्यांचे ठिपके करावयाचे आणि त्यांवरून धातूचे तीन ठसे कोरावयाचे, असा हा क्रम होता. रंगांचे विभाजन आता कॅमेरा करू लागला. तथापि कॅमेऱ्याला शायांचे दोष कळत नसत. म्हणून ठसा तयार झाल्यावर कोरकाम करणारा कारागीर आम्लाने ठिकठिकाणचे ठिपके लहान करी, आणि सावल्या फिक्या वाटल्या तर काळ्याचा चौथा ठसा जोडला जाई. काळ्याचा निर्णय या टप्प्यावर निम्मा यंत्राचा व निम्मा माणसाचा होता. पुढील अर्धशतकात दिवाळी अंकांची मुखपृष्ठे याच पद्धतीच्या ठशांवर छापली गेली. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये दीपावली सुरू केले. चित्रकाराने रंगवलेली सावली आणि वाचकाच्या हाती पडलेली सावली यांच्यामध्ये ठसेकाराचा डोळा उभा असे. त्या डोळ्याचा मुद्रणाच्या इतिहासात नामोल्लेख क्वचितच आढळतो.

नाशिकरोडचा वेगळा मार्ग

थळघाटातून इगतपुरीपर्यंतचा रेल्वेमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. या मार्गावर पुढे नाशिकरोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेसची उभारणी झाली. १९२५ पासून टपाल तिकिटांची छपाई लंडनच्या डी ला रू कंपनीकडून तेथे आली आणि १९२८ पासून चलनी नोटांचीही छपाई तेथे होऊ लागली. मूल्यवान कागदांच्या या छपाईने रंगाचा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडवला. तेथे चार शायांच्या ठिपक्यांतून रंगाचा भास निर्माण करण्यापेक्षा हवा तो रंग मुळातच शाई म्हणून तयार करून रेषांनी छापण्यावर भर राहिला. चौरंगी ठिपक्यांच्या छपाईची नक्कल करणे त्या मानाने सोपे असते. खास बनवलेल्या शाईतील बारीक रेषेची नक्कल अवघड असते.

छायाचित्रातील करड्या छटा तिकिटावर उतरवणे मात्र सोपे नव्हते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली महात्मा गांधींची तिकिटे स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यात फोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापून घ्यावी लागली. नाशिकची फोटोग्रॅव्हूर तिकिटे १९५२ च्या संत व कवी मालिकेपासून निघू लागली. गांधीजींच्या चेहऱ्यावरील सौम्य सावली छापण्यासाठी नवस्वतंत्र देशाला परदेशी छापखाना गाठावा लागला. छायाचित्रातील सावली छापणे हा त्या काळी कोणत्या यंत्राची व तंत्राची मालकी कोणाकडे आहे याचाही प्रश्न होता, हे यावरून स्पष्ट होते.

डोळ्याकडून गणिताकडे

काळ्याच्या निर्णयाला गणिताचे रूप देण्याचे प्रयत्न प्रामुख्याने १९३० नंतर झाले. १९३७ मध्ये हान्स नॉइगेबाउअर याने ठिपक्यांच्या छपाईतील रंगाचे समीकरण मांडले. कोडॅकच्या प्रयोगशाळेतील जे. ए. सी. यूल याने १९४० मध्ये चौरंगी छपाईतील काळ्याच्या पत्र्याचा सैद्धांतिक विचार केला, तर १९४८ मध्ये हार्डी व वुर्झबर्ग यांनी ही रंगदुरुस्ती विद्युत्-मंडलाकडून करून घेण्याची दिशा दाखवली. १९५० नंतर इलेक्ट्रॉनिक स्कॅनर आले. कील येथील रुडॉल्फ हेल आणि लंडन येथील क्रॉसफील्ड या कंपन्यांची यंत्रे जगभर गेली. कोरकाम करणाऱ्या कारागिराच्या जागी बटणे फिरवणारा चालक आला.

या काळात दोन रीती रूढ झाल्या. पहिली रीत, जिला छापखान्यात यूसीआर म्हणतात, केवळ गडद व करड्या भागांतून तीन रंगीत शाया कमी करून तेथे काळी भरते. दुसरी, जीसीआर या नावाची रीत, वर दिलेल्या उदाहरणाप्रमाणे सर्वच रंगांतील समाईक करडा भाग काढून घेते. तिचा पुरस्कार १९८० च्या दशकात विशेषत्वाने झाला. दोन्ही रीतींमागे छापखान्याच्या अडचणी होत्या. चारही शाया पूर्ण छापल्यास कागदावर ४०० टक्के शाई बसते. एवढी शाई वाळत नाही, कागद ताणला जातो, आणि वर रचलेल्या कागदाच्या पाठीला ती लागते. म्हणून वृत्तपत्राच्या कागदासाठी सुमारे २४० टक्के आणि गुळगुळीत आर्ट पेपरसाठी ३०० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक अशी एकूण शाईची मर्यादा पाळली जाते.

काळा अधिक घेण्याचे लाभ उघड आहेत : करडा स्थिर राहतो, शाई वाचते, वाळण्यास वेळ कमी लागतो. तोटेही आहेत. केवळ काळ्यावर उभी असलेली सावली पोकळ व फिकी वाटते. म्हणून तिच्याखाली थोडे रंग पुन्हा मिसळावे लागतात. चेहऱ्याच्या उजळ भागात काळे ठिपके खरखरीत दिसतात. यंत्रावर काळी शाई जरा जास्त झाली तर संपूर्ण चित्र मळते. एकंदरीत सर्व चित्रांना आणि सर्व कागदांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही.

प्रोफाइलमध्ये गोठलेला निर्णय

फोटोशॉप या संगणकप्रणालीत १९९१ च्या आवृत्तीपासून चौरंगी विभाजनाची सोय झाली. काळ्याची निर्मिती किती करावी यासाठी तीत काहीच नाही, हलकी, मध्यम, भारी आणि कमाल असे पर्याय होते. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंग संघाची, म्हणजे आयसीसीची, स्थापना केली आणि प्रोफाइलचे समान स्वरूप ठरवले. प्रोफाइल म्हणजे एक तक्ता : अमुक रंग दिसावयास हवा असेल तर अमुक यंत्रावर, अमुक कागदावर चार शाया किती घ्याव्यात, याची नोंद. हा तक्ता तयार करतानाच काळ्याची पातळी, तिचा आरंभबिंदू आणि एकूण शाईची मर्यादा ठरवावी लागते. एकदा तक्ता तयार झाला की पुढील वापरकर्त्याला हे आकडे सहसा दिसत नाहीत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा. फोटोशॉपच्या उत्तर अमेरिकी मांडणीत २००० सालापासून 'यू. एस. वेब कोटेड (स्वॉप)' हे प्रोफाइल पूर्वनिश्चित म्हणून आले. त्यातील 'वेब' या शब्दाचा इंटरनेटशी संबंध नाही. अखंड गुंडाळीच्या कागदावर छापणाऱ्या यंत्राला तो शब्द लावतात. अमेरिकेतील मासिकांचा कागद, तेथील शाया आणि तेथील वेगवान यंत्रे गृहीत धरून बनवलेला हा तक्ता. ज्यांनी संगणकावरील मूळ मांडणी बदलली नाही त्यांची चित्रे, मग ती सिन्नरच्या लग्नपत्रिकेची असोत वा एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची, याच गृहीतकांवर विभागली गेली. गणपत कृष्णाजींच्या तुपापासून सुरू झालेला स्थानिक निर्णयाचा प्रवास अशा रीतीने कोणीही जाणीवपूर्वक न घेतलेल्या निर्णयापर्यंत येऊन पोहोचला.

इगतपुरीचा पाऊस आणि काळ्याचे प्रमाण

स्थानिक परिस्थितीचे महत्त्व इगतपुरीच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. येथे वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो; पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात त्याचा लहानसा अंशच पडतो. दमट हवेत कागद ओलावा शोषून फुगतो, आणि तो तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक वाढतो. परिणामी पहिली शाई छापल्यावर दुसरी बसेपर्यंत चित्र सरकलेले असते. ऑफसेटची शाई मुख्यतः हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळते. दमट हवेत आणि ओलसर कागदावर ही क्रिया मंदावते. अशा परिस्थितीत एकूण शाई कमी ठेवणे आणि करड्या भागांचा भार काळ्यावर सोपवणे श्रेयस्कर ठरते. जे चित्र मार्च महिन्यात ३०० टक्के शाई सहज पेलते तेच जुलैमध्ये पेलेल असे नाही. घाटातील धुक्याचे चित्र तर मुळातच करडे. त्याला काळ्याचा आधार न दिल्यास ते गुलाबी होणारच.

अक्षरांबाबतही हेच म्हणता येईल. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीतील पाली तिपिटकाचे १४० खंड प्रकाशित केले. असे ग्रंथ वाचनीय ठरतात ते एकाच काळ्या शाईमुळे. संगणकावर अक्षरांचा काळा रंग नकळत चार शायांत विभागला गेला आणि कागद किंचित सरकला, तर शिरोरेषेला रंगीत कडा येते आणि अनुस्वाराचा टिंब विस्कटतो. पालीसारख्या भाषेत अनुस्वार हरवणे म्हणजे विभक्ती हरवणे होय.

इतिहासाचे साधन म्हणून मुद्रित चित्र

या विवेचनाचा इतिहासलेखनाशी थेट संबंध आहे. काळ्या शाईतील कार्बन प्रकाशात टिकतो. पिवळी व किरमिजी शाई आधी विटते. उन्हात टांगलेली कॅलेंडरे निळसर होतात ती यामुळे. ज्या चित्राचा गडदपणा तीन रंगांवर उभा होता त्याच्या सावल्या कालांतराने निळ्या पडतात. ज्याचा गडदपणा काळ्यावर होता त्याची रंगसंगती गेली तरी आकृती उरते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या सभेच्या रंगीत छायाचित्रात आज चेहरे ओळखू येतात की नाही, हे काही अंशी तेव्हाच्या काळ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. विटलेल्या चित्रावरून मूळ वेशभूषेचे अथवा ध्वजाचे रंग ठरवताना अभ्यासकाने भिंगाखाली ठिपके पाहून कोणती शाई उरली आणि कोणती गेली याची खात्री करून घ्यावी.

निष्कर्ष

रंगीत छपाईतील काळ्याचे प्रमाण ही तांत्रिक वाटणारी बाब वस्तुतः निवडीची आहे, कारण एकाच दिसणाऱ्या रंगासाठी शायांच्या अनेक मांडण्या शक्य असतात. ही निवड शिळाछापाच्या काळात कारागिराच्या हातात, तिरंगी ठशांच्या काळात कॅमेरा व ठसेकार यांच्यात विभागलेली, स्कॅनरच्या काळात चालकाकडे आणि प्रोफाइलच्या काळात दूरस्थ तक्त्यात राहिली. प्रत्येक टप्प्यावर अचूकता वाढली. निर्णय घेणारा मात्र छापल्या जाणाऱ्या कागदापासून दूर गेला.

हे अंतर कमी करणे महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. छायाचित्रांच्या मूळ धारिका चौरंगी रूपांतर न करता जतन कराव्यात, कारण एकदा केलेल्या विभाजनातून मूळ चित्र पूर्णपणे परत मिळत नाही. रूपांतर करण्यापूर्वी मुद्रकाला त्याचा कागद, त्याचे प्रोफाइल आणि एकूण शाईची मर्यादा विचारावी. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. पावसाळ्यात छपाई करावयाची असल्यास काळ्याचे प्रमाण वाढवण्याविषयी मुद्रकाशी बोलावे. पूर्वी ठसेकार मूळ चित्र समोर ठेवून सावलीविषयी जो विचार करीत असे, तोच विचार आज वार्षिकांकाच्या संपादकाने आणि मुद्रकाने एकत्र बसून करावा लागेल. घाटातील धुके करडे छापून यावे, ही अपेक्षा तेवढ्याने पूर्ण होऊ शकते.